उघडी मूठ

बाबांना पाव कापता येत नसे.
सुरी मी धरायची,
ते नुसतं सांगायचे: आणखी पातळ, पोरी,
संघ अजून दोन दिवस इथंच जेवणार आहे.

यूटिकात करंगळी गेली, ट्रॉयमध्ये तिच्या शेजारची.
अंगठ्याचं गाव त्यांना आठवत नव्हतं.
त्या काळी कॅचरनं हातमोजा घालणं बायकी समजत.
एकानं कातडीच्या रंगाचा शिवून घेतला,
लोकांना कळू नये म्हणून;
लोकांना पहिल्याच डावात कळलं.
बाबांनी तसलाही घातला नाही.
संध्याकाळी बर्फाच्या बादलीत दोन्ही हात बुडवून
तंबाखू चघळत बसायचे
एझ्रा क्विनलन,
ज्यांचं आडनाव पेपरात
तीन तऱ्हांनी चुकीचं छापून यायचं.

मग मालक म्हणाले, मॅनेजरही तूच हो.
मॅनेजर म्हणजे रेल्वेची तिकिटं,
हॉटेलातल्या फुटक्या आरशांची भरपाई,
पिऊन आलेल्या पिचरला पाच डॉलर दंड
आणि रविवारी त्याच्याच आईला पत्र,
की पोरगा मजेत आहे.
दारावरची मिळकत आम्ही स्वयंपाकघरात मोजायचो.
मी नाण्यांचे मनोरे रचायचे.
कधी कधी एकच, तोही बुटका.

आणि रोज सकाळी नऊ नावांची यादी.
सांगायचे ते, लिहायचे मी,
पेन्सिल त्यांच्या हातात टिकत नसे.
स्क्रॅन्टनला, जूनमध्ये,
आठ नावं झाली आणि ते थांबले.
मी सवयीनं आमचंच लिहायला घेतलं.
'वेंझेल,' ते म्हणाले.
'स्पेलिंग त्यालाच विचार.
पेपरवाले चुकतात.'

वेंझेल एकोणीस वर्षांचा,
डाव्या हाताला उशीएवढा मोजा.
सामना संपल्यावर बाबांनी तो मागून घेतला,
दाबून पाहिला, वास घेतला,
आत हात सरकवायला गेले.
बोटं प्रत्येक वेगळ्या दिशेला.
जाईनात.
'चांगलं चामडं आहे,' म्हणाले, आणि परत दिला.

झाकली मूठ सव्वा लाखाची असेलही.
बाबांची कधी झाकलीच नाही.
शेवटी अंडरटेकरनं छातीवर हात जुळवायला
बराच जोर लावला, घाम पुसला,
माझ्याकडे पाहिलं.
म्हटलं, राहू द्या तसेच.

घरी आले. पाव कापला.
फार जाड झाला.