मोजणीदार

एकतीस वर्षं मी आयर्विन पुलाखालची पट्टी वाचली.
सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा,
आणि पुरात दर तासाला, बॅटरी दातात धरून.
फूट आणि इंच. वहीत शाई. खाली सही:
अ. पा. मगदूम.

आता मिरजेत, अंधाऱ्या खोलीत, डाव्या कुशीवर
मीच पाणी.

रुखसार मुजावर नावाची पोरगी
बरगड्यांच्या फटीत गारढोण जेली लावून
इकोचा दांडा टेकवते.
पडद्यावर सुपाएवढं करडं काहीतरी
पाखडल्यासारखं हलतं.
पुढची भिंत मात्र हलत नाही, ती म्हणते.
"किती?"
"पस्तीस ते चाळीस, काका."

पस्तीस ते चाळीस!
असं मी वहीत लिहिलं असतं
तर साहेबांनी वही कृष्णेत टाकली असती
आणि मागोमाग मला.
"छाती रुंद आहे तुमची, फासळ्या आड येतात,
कड नीट दिसत नाही," ती म्हणाली.
खरं बोलणारी पोर.
धुक्यात मीही खांबाच्या ओल्या रेषेवरूनच सांगायचो की.

नदी चाळीसच्या वर गेली की गावात भोंगा वाजायचा.
इथं खाली गेलं की डॉक्टर चष्मा काढतात.

मग थॅलियम.
शिरेतून औषध सोडायचं, हात डोक्यावर धरून पडायचं,
कॅमेरा भोवती फिरत राहतो, जेवायचं ताट शोधणाऱ्या पाहुण्यासारखा.
नोकरीच्या पहिल्या वर्षी आम्ही एका ओढ्यात
गुलाबी रंग ओतून खाली फर्लांगभर बसलो होतो,
किती वेळानं येतो, किती फिका होऊन येतो, बघत.
तेच हे.
रक्त पोचलं तिथं उजेड, नाही पोचलं तिथं काळोख.
आकडा आला एक्केचाळीस.
पद्मानं हात जोडले. "वाढलं की ओ!"
अगं, वाढलं नाही.
पट्टी बदलली.

एकाच घटकेला दोन खांबांवरून
दोन आकडे आणलेत मी.
दोन्ही खरे होते. पाणी एका अंगाला चढतं,
दुसऱ्या अंगाला वळतं, त्याला कोण काय करणार.

शेवटी एमआरआय.
अंगठी काढा, करदोट्यातली चांदी काढा, श्वास घ्या, सोडा, धरा.
बोगद्यात कुणीतरी पत्र्यावर घण घालत होतं
आणि धरलेल्या श्वासात मी मोजत होतो, सवयीनं:
अकरा, बारा, तेरा...
तेहतीस.
सगळ्यांत बारीक नजर, सगळ्यांत कमी आकडा.
पद्मा काही बोलली नाही.

डॉक्टर कुरण्यांनी पडदा माझ्याकडे वळवला.
"हा पांढरा दोरा दिसतोय? हा व्रण.
पण भिंतीच्या जाडीत पावच गेलाय.
वरचं सगळं जिवंत आहे, मगदूम.
भेदरून गप्प बसलंय नुसतं."

मला हरिपूरचा डोह आठवला.
त्यावर लाकडी ठोकळा सोडला
तर तो जागचा ढळत नाही,
नवा शिपाई लिहून मोकळा होतो: प्रवाह शून्य.
वजन बांधून दोरी खाली सोडली
की वीस हातांवर
मुठीला ओढ लागते.

"मग वहीत कुठला आकडा लिहू?" मी विचारलं.
ते हसले. "तीन महिन्यांनी परत इको.
त्याच मशिनवर. जमलं तर त्याच मुलीकडून."
पटलं.
एक पट्टी, एक डोळा. एवढंच मी नव्या पोरांना
शिकवत आलो, तेही फुकट.

सांगलीवाडीला परतताना रिक्षा पुलावर थांबली,
पुढं उसाची ट्रॉली आडवी.
मी वाकून खाली पाहिलं. चष्मा पिशवीत होता.
"किती ओ?" पद्मा म्हणाली,
एकतीस वर्षांत पहिल्यांदाच.

"दहा ते पंधरा," म्हणालो.