रफू

शनिवारी दुपारी, रेसिफेत दुकानं मिटली
की एदिलेउझा मावशी भाताचं पातेलं उतरवते,
त्याच शेगडीवर पाणी ठेवते
आणि जांदिराचं डोकं मोरीच्या नळाखाली धरते.

अकरा वर्षं सरळ केलेले केस,
बँकेच्या काउंटरमागे चालतात तसे.
आता मुळाशी चार बोटं तिचे स्वतःचे, कुरळे, हट्टी,
आणि खाली लोंबणारी ती जुनी जळकी शेपटं.

मावशी एक ओला केस दोन चिमटींत धरते, ओढते.
तो लांबतो,
लांबतो,
परत येत नाही.
शिजून गेलेली शेवई जशी.
"आत काही उरलं नाही याच्या," म्हणते
आणि डबा उघडते.

डब्यात गहू. कुठल्याशा मेंढीची लोकर.
पण अख्खं काही नाही,
सगळं तोडून तोडून इतकं बारीक केलेलं
की केसाच्या उचकटलेल्या खवल्यांतून आत सरकावं.
मोठा तुकडा उंबऱ्यावरच बसतो,
फार तर बाहेरून गिलावा देतो.
"म्हणजे मोडलेलंच भगदाडात मावतं,"
जांदिरा म्हणते.
"वाक्यं नंतर कर. मान खाली."

वीस मिनिटं प्लास्टिकची टोपी, वर टॉवेल.
जिन्यावरून कुणीतरी गॅसचा सिलिंडर गडगडत नेतं.
"बरे होतील ना?"
"बरं व्हायला जिवंत असावं लागतं, पोरी.
केस मेलेलाच असतो.
हे रफू आहे.
पाच-सहा धुण्यांत टाके सुटतात."

मग बराच वेळ काही नाही.
मग टॉवेल पिळताना, भिंतीकडे बघत:
"तुझी आई गेली त्या महिन्यात
मी दर तीन दिवसांनी हेच लावत होते.
घट्ट व्हायचं होतं.
झाडूच्या काड्या झाल्या.
कंगवा घातला की कट्."

जांदिराला तो महिना आठवतो.
घरभर बायका रडत होत्या
आणि मावशी कॉफी गाळत होती.

"नुसती ताकद लावायची नाही.
वरून ओलावा द्यायचा.
मला कुणी सांगितलं नाही."

नारळाचं दाट मलम, बटबट, बोटांनी, मुळं सोडून.
धुणं. पुन्हा एक केस, दोन चिमटी.
लांबतो. थांबतो.
परत येतो, जवळजवळ,
मध्ये एक बाक तसाच राहतो.

"कात्री आणू?"
"आज नको," मावशी म्हणते,
केस मोरीत सोडते
आणि अर्धकच्चा भात पुन्हा आचेवर चढवते.