टोचणी

सोमवारी ग्रिम्सबीच्या आमच्या दवाखान्यात एक फॉर्म आला.
आम्हा सुया टोचणाऱ्यांचं मत हवंय म्हणे :
लस चुकवली तर मुलांचा भत्ता थांबवावा का?
हो. नाही. सांगता येत नाही.
खाली चार बोटांची चौकट, कारण लिहा.

गुरुवार उलटला. फॉर्म फ्रीजवर पडून आहे,
आत लशी निजल्यात दोन ते आठ अंशांत.

फ्लोरिका मासळीच्या कारखान्यात रात्रपाळी करते.
तिच्या हातांना येतो तोच वास पोरांच्या लाल वह्यांना.
तिघांतलं मधलं राहिलंय.
नको म्हणून नाही.
दोन बस बदलून आली होती ती,
आम्हीच म्हणालो, आज नर्स रजेवर आहे.
ती नर्स मी.
गुडघ्याचं ऑपरेशन होतं, तेही खरंच.
आता भत्ता कापायचा, तर कुणाचा?

मिसेस हॅरोबी येते आवाज न करणाऱ्या गाडीतून.
छापून आणलेले कागद, पानापानाला रंगीत खुणा.
माझ्याशी इतकं गोड बोलते की माझंच चुकतंय असं वाटावं.
लस मात्र नको.
नवऱ्याचा पगार असा, की भत्ता तिच्या दारापर्यंत येतच नाही.
जे दिलंच नाही, त्यातून काय कापणार?

आणि टोबायस.
आठ महिन्यांचा. त्या लशीचं वय अजून व्हायचं होतं.
वाढदिवसाला गेला होता कुणाच्या तरी,
फुग्यांखालून गोवर चालत आला त्याच्यापर्यंत.
त्याची आई रोज हॉस्पिटलमधून फोन करते.
विचारत काही नाही, नुसतं सांगते :
आज डोळे उघडले.
आज नाही उघडले.
त्या दिवशी मी पेन घेतलं, ‘हो’च्या चौकोनावर टेकवलं.
शाई उतरली नाही.
समुद्राच्या या थंडीत पेनं रुसतात.
दुसरं पेन खिशात होतं.

माझ्या डाव्या दंडावर वण आहे, चार आण्याएवढा.
इथल्या तरुण नर्सा विचारतात, भाजलं होतं का?
देवी, मी म्हणते, आणि पुढं अडते.
कसं सांगू,
की आमच्याकडे रोगही देवी आणि टोचून घ्यायच्या त्याही देवीच,
मारणारीला आणि वाचवणारीला
आम्ही एकाच नावानं हाक मारली.

जतकडच्या वस्तीवर टोचणारा आला
तेव्हा आईनं मला कणगीत लपवलं.
नाकात जोंधळ्याची कुसं, तरी शिंकले नाही.
दोनदा तो आल्या वाटेनं गेला.
तिसऱ्या खेपेला सोबत तलाठी.
तलाठी म्हणाला, साखरेचं कार्ड जमा करून घेईन.
दिवाळी आठ दिवसांवर होती.
आईनं कणगीचं झाकण काढलं.

त्या सालात पलीकडच्या वस्तीवरची दोन पोरं गेली.
मी राहिले.
आई मरेपर्यंत तलाठ्याला शिव्या घालत होती,
आणि मला तेल लावताना तिचं बोट
त्या वणावर जरा जास्त थांबायचं.

आज फ्लोरिका आली, रात्रपाळीहून थेट, मधल्याला घेऊन.
दुखेल का, हे तो विचारत होता.
ती विचारत होती, पैसे बंद होणार का?
दुखेल, मी त्याला म्हणाले.
तिला म्हणाले, अजून तरी नाही.
दोघांचाही माझ्यावर विश्वास बसला नसावा.
पोरगं रडलं. लाल वहीत तारीख घातली.

मग दार लावून फॉर्म खाली काढला.
तिन्ही चौकोन कोरे ठेवले.
चौकटीत लिहिलं :
शनिवारी दवाखाना उघडा ठेवा. कारखान्याच्या फाटकाशी गाडी पाठवा.
जागा उरली होती.
तिथं मराठीत लिहिलं,
झाकण आईनं स्वतः काढलं.

ते तिकडे कोण वाचणार.
वाचलं, तरी ‘स्वतः’ या शब्दाशी
माझंच पेन दोनदा थांबलं होतं,
ते कुणाला दिसणार.
खोडलं मात्र नाही.