कमरेएवढ्या पाण्यात

"हिला ब्रेक नसतो," रेझाँ म्हणतो
आणि जेट-स्कीच्या ओल्या पाठीवर थाप मारतो,
चाळीस वर्षं गाई राखलेल्या तळव्यानं.
गाई विकल्या गेल्या बर्फाआधी.
गोठ्यात आता ही एकटीच, पिवळी, पेट्रोल पिणारी.

माएलीला सोळावं लागलंय.
तिच्या मनगटात तो लाल दोरी अडकवतो,
जुन्या टेलिफोनच्या वायरीसारखी पिळाची.
"तू पडलीस की ही निसटते, इंजिन मरतं.
मेलेलं बरं. नाहीतर ते तुला सोडून पुढे जातं."

क्युबेकमधलं जूनचं तळं.
कडेची देवदारं पाण्यात उलटी,
बर्फ जाऊन महिना झाला
तरी पाणी अजून हाडांशी बोलणारं.

"नीट ऐक. घाबरलीस की हात सुटतो.
सगळ्यांचाच सुटतो.
थ्रॉटल सुटला की मागचा फवारा थांबतो,
फवारा थांबला की हँडल नुसतं शोभेचं.
म्हणून भीती वाटली तर
थोडा जोर ठेव.
आणि वळ."

सगळं उलटंच, असं म्हणून ती हसली. गेली.

तिसऱ्या फेरीला समोर हुआर पक्षी,
काळं डोकं, लाल डोळा,
आणि पाठीवर राखाडी पिल्लू, मुठीएवढं.
हात सुटला.
यंत्र गप्प झालं, पण थांबलं नाही,
गेलं सज्जन माणसासारखं नाकासमोर,
थेट त्यांच्यावर.
धक्क्यावर रेझाँची उजवी मूठ आपोआप आवळली.
तिकडे तिचीही.
कुणाची आधी, सांगता येणार नाही.
थोडासा जोर. हँडल डावीकडे.
पाण्याची एक कोर उडाली, पडली.
पिल्लू डगमगलं, पुन्हा बसलं.
हुआर ओरडला, नेहमीसारखा,
हसतोय की रडतोय ते कळू न देता.

मग परत.
"किनारा आला की नाही, किनारा आठवला की सोडायचं,"
तो धक्क्यावरून ओरडतो.
शंभर पावलं आधीच हात सैल.
वारा जमिनीकडून येतोय, तो तोंडावर घ्यायचा,
तोच काय तो ब्रेक.
आणि कमरेएवढ्या पाण्यात इंजिन बंद.
त्याहून उथळात गेलीस तर ही खडे ओढते,
गाय चाऱ्यातून तार गिळते तशी;
वरून काही दिसत नाही,
आत कापत जातं.

माएली एका अंगानं उतरली,
श्वास अडकला थंडीनं, शिवी निघाली,
आजोबांनी ती ऐकली नाही असं दाखवलं.
बुटांसकट पाण्यात येऊन
त्यानं जेट-स्कीचं तोंड तळ्याकडे फिरवलं.

"गाई विकायच्या, ते तुला कधी कळलं?"
तिनं विचारलं, दोरी सोडवता सोडवता.

रेझाँ वाकला, खांद्यापर्यंत हात बुडवून
पोटाखालची जाळी चाचपत राहिला
बराच वेळ.
एक खडा निघाला. शेवाळलेला,
आजचा नव्हे.
त्यानं तो खिशात टाकला
आणि म्हणाला, "पुन्हा जा. या वेळी आणखी आधी सोड."