ठोकळे

जैतापूरच्या खाडीवर, बर्फाच्या कारखान्यामागं,
लतीफ सोलकरच्या शेडमध्ये
द्वारकाआत्याची हेराल्ड उघडी पडलीय,
बॉनेट नाकासकट पुढं कलंडलेलं.

माझ्या हातात मद्रासच्या कारखान्याचं मॅन्युअल,
झेरॉक्सची झेरॉक्स, पान एकोणचाळीस गहाळ.
पुण्याहून शिरीष फोनवर बजावतो,
एक स्क्रू परका दिसला की अर्धा मार्क गेला.
सहासष्ट साली बाहेर पडली तश्शीच हवी,
तोच आकाशी, सीटला तेच टाके.

तर मी यादी केली.
गाडीचं नाही ते ते काढायचं.

लाँचचा पितळी भोंगा,
पलीकडच्या काठाला निजलेल्या तरीवाल्याला
रात्री दोनला उठवणारा.
पायाखाली पिंपाचा पत्रा,
त्यावर अजून उलटं वाचता येतं: शुद्ध खोब
आणि पुढं गंज.
मागची सीट नाहीच. आंब्याच्या पेट्यांच्या फळ्या,
अडलेल्या बाईला आडवं करता यावं इतक्या लांब.
छताला हुक, सलाइनच्या बाटलीचा.
आत्या गेल्यावर त्याच्याच भोकातून
अठ्ठावीस पावसाळे आत आले.

लतीफ एकेक काढतो, पुसतो,
रॉकेलच्या डब्याशेजारी मांडून ठेवतो.
एकदाच म्हणाला,
"कंपनीनं बघितलान काय हा रस्ता?"
मी मॅन्युअल चाळलं.
रस्ता नव्हता.

मग रंग खरवडला. पिवळटाखाली हिरवा,
हिरव्याखाली लांबीचे थर,
आणि त्याखाली, एवढासा, आकाशी.
सापडला, मी ओरडलो.
लतीफनं नखानं आणखी खरवडलं.
आकाशीखाली राखाडी प्रायमर,
प्रायमरखाली पत्रा असायला हवा होता तिथं
भुगा,
आणि बोट आरपार.
"हा तुझा ओरिजनल," म्हणाला.
हसलासुद्धा नाही.

सात महिने गेले. कोइमतूरहून रबरं आली,
कोल्हापूरहून क्रोम.
तळाचा नवा पत्रा लतीफनं कुठून आणला
ते मी शिरीषला सांगितलं नाही,
खरं म्हणजे लतीफला विचारलंही नाही.

शेवटी राहिले ठोकळे.
ऐनाच्या लाकडाचे, क्लचला एक, ब्रेकला एक,
तांब्याच्या तारेनं पॅडलला आवळलेले.
आत्या चार फूट नऊ इंच.
मद्रासला कुणी तिच्या पायाचं माप घेतलं नव्हतं.
क्लचवरच्याला मधोमध खळगा,
डाव्या चवड्याएवढा.
मी आत बसून बघितलं, माझे गुडघे स्टिअरिंगला.
ठोकळे मलाही चालेनात, मॅन्युअललाही.
सात महिन्यांत आमचं दोघांचं
पहिल्यांदा एकमत झालं.
तार कापली.

रविवारी बाहेर काढली. आकाशी, झळझळीत.
पोरं मागं धावली बाजारपेठ संपेपर्यंत.
तिठ्यावर मासळीची पाटी घेऊन एक म्हातारी
वाट सोडून उभी राहिली.
मी हॉर्न दिला, कारखान्याचा, किरटा.
तिनं गाडीकडं नीट बघितलं,
मग मला विचारलं, "कुनाची रं ही?"

मी नाव सांगेपर्यंत
ती चालू पडली होती.

राजापूरच्या वाटेवर चढाला इंजिन बंद पडलं.
हँडब्रेक मॅन्युअलबरहुकूम ओढला.
गाडी मॅन्युअल न वाचल्यासारखी
मागं मागं सरकत राहिली, दरीच्या अंगाला.
लतीफनं उडी टाकली, डिकी उघडली,
रॉकेलच्या वासाच्या फडक्यातून
दोन्ही काढले,
मागच्या चाकांखाली एकेक सारला,
टाचेनं ठोकला.

थांबली.

जांभ्याच्या दरडीला टेकून आम्ही दम खाल्ला.
खिशात शिरीषचा फोन थरथरत होता.
"डिकीत ठेवले तर
मार्क कापतात काय रे?" लतीफनं विचारलं.

असेल तर असेल, म्हणालो,
पान एकोणचाळीसवर.