बरी

ऑर्डर हातात पडली तेव्हा वाटलं, क्लार्कची चूक असेल.
मी शिराळ्याचा, भाताच्या चिखलातला,
आणि शाळा थेट जतच्या पुढं, संखकडच्या माळावर,
जिल्हा परिषदेची, कन्नड माध्यम.
'तात्पुरती व्यवस्था' असं कागदावर.
तात्पुरतीला अकरा महिने झाले.

सतरा पोरं. फळ्यावर आधीच्या गुरुजींची अक्षरं
कुणी पुसली नव्हती.
गोल गोल, प्रत्येकाच्या डोक्याला
टॉवेल गुंडाळल्यासारखा एक फटकारा.
बाजाराला निघालेल्या माणसांसारखी ती उभी होती,
आणि ओळखीचं एकही नाही.
त्यांना वळसा घालून
मी कोपऱ्यात तारीख लिहिली.

शिवलीला बिरादार तापानं आठवडाभर घरी.
आली तेव्हा विचारलं, "बरी?"
ती गुमान खाली बसली,
पाटी काढून लिहायला लागली.
"अगं, बरी का?"
ती आणखी भरभर,
कपाळ बाहीला पुसत.
चौथीतला मौलाली खिदळला,
"सर, बरी म्हंजे लिही!"

त्या रात्री खोलीवर भाकरी करपली.
मी तब्येत विचारत होतो
आणि तापातून उठलेल्या पोरीला
हुकूम ऐकू येत होता.

मार्चात साहेब आले. चहा घेतला.
"पट सतरा. समोर मराठी शाळा,
दोन खोल्या रिकाम्या. पोरं तिकडं घेऊ.
तुमचीही सोय होईल, मास्तर."

माझी सोय.
खोटं कशाला बोलू, आईचे गुडघे आठवले,
वारणेचं पाणी आठवलं.
मग म्हणालो, "साहेब, पुस्तकं पाठवा.
दिवाळीनंतर गठ्ठा आला, तो सातवीचा.
इथं चौथीपुढं वर्ग नाही.
आणि कन्नडमधून शिकवणारा माणूस पाठवा, माझ्या जागी."
"आणि तुम्ही?"
"रस्ता कुणीतरी ओलांडायचाच असेल
तर मी ओलांडतो. मला सवय आहे चालायची."

साहेबांनी डायरीत काहीतरी टिपलं.
काय, ते दिसलं नाही.

माणूस अजून आलेला नाही.
शाळा सुटल्यावर शिवलीला थांबते,
माझ्यापुढं पाटी सरकवते,
वळण चुकलं की थुंकी लावून पुसते.
गुरुजींना खरं तर 'बरीरी' म्हणायचं असतं,
मौलाली तिला सारखं सांगतो.
ती ऐकत नाही.
बोट पाटीवर आपटून म्हणते,
बरी.