ओलं काँक्रीट

झेफेरिनो बेतेनकूरला इंग्रजीत आधी आकडेच आले.
टोरँटोत, एकसष्टच्या नोव्हेंबरात,
डंडास रस्त्याच्या ओल्या फुटपाथवर
त्यानं बोटानं नाव कोरलं.
मुकादमानं दिवसाची मजुरी कापली,
नाव पुसायचं राहून गेलं.

पुढचं सगळं कागदोपत्री आहे:
पहिलं गॅरेज, दोन दिवाळखोऱ्या,
अठ्ठावीस मजल्यांचा तो टॉवर, ज्याची लिफ्ट
उद्घाटनालाच अडकली, आत बिशप.
मी त्याची पत्रं टाइप करायचे. सहीला
पेन धरायचा तो थापीसारखं.
राहायला मात्र तळमजल्यावर.
म्हणे, आमच्या बेटावर जमीन हलते,
पाय दारापाशी असलेले बरे.

परवा नव्या इमारतीच्या पाइपासाठी
तोच फुटपाथ फोडायला निघाला.
आराखड्यावर सही त्याचीच.
तेवढा तुकडा जपून काढायचा का, मी विचारलं.
तो वाकून बघत राहिला.
शेवटचा ओ झिजलेला, एफ उलटा.

मग ड्रिल धरलेल्या एरिट्रियन पोराला म्हणाला,
तुला किती देतात रे?
पोरानं आकडा सांगितला.
तो माझ्याकडे वळला: लिहून घे.
आणि कानांवर हात ठेवून
बाजूला सरकला.